छापील वॅट आणि खरी उचल

बँकेच्या मंजुरीपत्रावर ‘एकूण मर्यादा पन्नास लाख’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. अनुभवी व्यापारी त्या आकड्याने हुरळून जात नाही. तो पान उलटतो आणि तपशील वाचतो. कॅश क्रेडिटचे तीस लाख आणि बँक हमीचे वीस लाख अशी फोड असेल, तर माल भरण्यासाठी हाताशी तीस लाखच आहेत, हे त्याला कळते. हमीचे वीस लाख खोटे नसतात. पण त्यांतून कापडाचा एक तागाही विकत घेता येत नाही. पुढे तीस लाखही सगळे उचलता येत नाहीत. गोदामात बत्तीस लाखांचा माल असेल आणि मार्जिन पंचवीस टक्के असेल, तर ड्रॉइंग पॉवर चोवीस लाखांची होते. मथळ्यावरील पन्नास लाखांपासून हातातील चोवीस लाखांपर्यंतचा हा प्रवास ज्याला समजला, त्याचा धनादेश सहसा परत जात नाही.

हाच हिशेब आज घराघरांतील संगणकाच्या पोटात, पत्र्याच्या एका लहानशा पेटीवर छापलेला असतो. त्या पेटीला बाजारात एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन ती संगणकाच्या निरनिराळ्या भागांना सोसेल अशा कमी दाबाची करून वाटणे, हे तिचे काम. संगणकात नवे, अधिक ताकदीचे ग्राफिक्स कार्ड बसवायचे ठरले की पहिला प्रश्न या पेटीला विचारायचा असतो. प्रत्यक्षात तो बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो. कधीकधी विचारलाच जात नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतील एखाद्या कुटुंबाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. खाली कापडाचे दुकान, वर राहते घर. गुरुवारच्या आठवडी बाजाराला दिवसभर गिऱ्हाईक. इतर दिवशी बेताची वर्दळ. दुकानाच्या बिलांसाठी आणि टॅलीसाठी चार वर्षांपूर्वी घेतलेला एक संगणक आहे. दिवसा त्यावर दुकानाचा हिशेब चालतो आणि रात्री तो घरातील मुलीच्या ताब्यात जातो. ती वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इमारतीची त्रिमिती चित्रे तयार करायला त्या संगणकाला रात्ररात्र लागते. सबमिशन तोंडावर आले आहे. वडिलांनी बऱ्याच विचारांती ग्राफिक्स कार्डापुरती रक्कम मंजूर केली आहे. त्याहून रुपयाही जास्त नाही, असे बजावून.

दुकानात नेहमी येणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याने हिशेब तोंडी करून दिला. “एसएमपीएस साडेचारशे वॅटचा आहे. आरटीएक्स ३०६० कार्डाला लागतात एकशे सत्तर. दुपटीहून जास्त जागा आहे. बिनधास्त चालेल.”

वडिलांना ते पटले. मुलीलाही पटले, कारण तिला ते पटायलाच हवे होते. आजोबा मात्र तक्क्याला टेकून ऐकत होते. त्यांनी उभे आयुष्य वह्या लिहिल्या, बँकेत दरवर्षी मर्यादेच्या नूतनीकरणाला ते स्वतः जात. वॅट, व्होल्ट यांतले त्यांना काही कळत नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, “बेटा, त्या साडेचारशेत रोखीचे किती आणि हमीचे किती?”

नातीला हसू आले. “आजोबा, हे काय बँकेचे कर्ज आहे का?”

“नसेल. पण जिथे एकच मोठा आकडा लिहिलेला असतो, तिथे आत त्याची फोड असतेच. ती बघून ये.”

हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नव्हता. एसएमपीएसच्या अंगावर एक लेबल असते व त्या लेबलावर खरोखरच फोड छापलेली असते. संगणक बंद करून, भिंतीवरील बटण बंद करून, वायर काढून घ्यावी आणि कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडावी. लेबल बहुधा समोरच दिसते; काही कॅबिनेटमध्ये ते आतल्या बाजूला तोंड करून असते, मग चार स्क्रू काढून पेटी थोडी बाहेर घ्यावी लागते. पेटी मात्र कधीही उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरांत धक्का देण्याइतकी वीज साठून राहू शकते.

नातीने लेबल वाचून कागदावर उतरवले. ३.३ व्होल्टला २० अँपिअर, ५ व्होल्टला २० अँपिअर, १२ व्होल्टला २२ अँपिअर. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. तेव्हा ३.३ व्होल्टचे ६६ वॅट, ५ व्होल्टचे १०० वॅट आणि १२ व्होल्टचे २६४ वॅट. किरकोळ खाती मिळवली की बेरीज साडेचारशेच्या जवळ पोहोचते. लेबल खोटे नव्हते. पण ग्राफिक्स कार्ड आपली वीज जवळजवळ सगळी १२ व्होल्टच्या खात्यातून उचलते आणि प्रोसेसरही त्याच खात्यावर जगतो. ३.३ आणि ५ व्होल्टची खाती भरलेली असली, तरी ती या दोघांच्या कामाची नाहीत. म्हणजे साडेचारशेपैकी रोखीचे होते २६४ वॅट, उरलेले हमीचे.

ही फोड अशी का पडली, यालाही इतिहास आहे. पूर्वीचे संगणक आपली बरीचशी वीज ५ आणि ३.३ व्होल्टवर घेत. २००० सालच्या सुमारास पेंटियम ४ आला, प्रोसेसरची भूक वाढली आणि त्याला १२ व्होल्टवरून वीज देण्याची पद्धत रूढ झाली. चांगल्या प्रतीच्या नव्या एसएमपीएसमध्ये म्हणूनच जवळपास सगळी क्षमता १२ व्होल्टवर असते. साडेपाचशे वॅटच्या पेटीवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट लिहिलेले आढळते. स्वस्त पेट्यांची रचना मात्र जुन्या वळणाची राहते आणि लेबलावरची बेरीज तेवढी मोठी दिसते. दोन पेट्यांवर ‘४५०’ हाच आकडा असला, तरी एकीत १२ व्होल्टचे ४३० वॅट आणि दुसरीत २६४ असू शकतात. किमतीतील फरक बराचसा इथून येतो.

आता मागणीची बाजू. त्या संगणकात इंटेलचा कोअर आय५-१०४०० हा प्रोसेसर होता. त्याच्या माहितीपत्रकात ६५ वॅट लिहिलेले असते. पण कामाचा भार अंगावर येताच तो थोड्या काळासाठी १३४ वॅटपर्यंत उचल करू शकतो. बाजारपेठेत जसा वर्षाचा सरासरी खप आणि दिवाळीचा खप वेगळा, तसेच हे. तरतूद दिवाळीची करावी लागते. पंखे, मदरबोर्ड, डिस्क यांच्यासाठी १२ व्होल्टवर अंदाजे ३० वॅट धरले. कार्डाचे १७०. एकूण ३३४. आणि खात्यात २६४. सत्तर वॅटची तूट.

आजोबांनी कागद घेतला आणि आणखी एक ओळ लिहायला सांगितली. “मार्जिन वजा कर. पंचवीस टक्के.”

ही केवळ बँकेची सवय नव्हे. एसएमपीएसही वयाने थकतो. आतले कपॅसिटर काळाने आणि उष्णतेने क्षीण होतात, पंख्यात धूळ बसते, आणि मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा कोंदट कॅबिनेटच्या आत त्याहूनही अधिक गरम असते. कित्येक स्वस्त पेट्यांची क्षमता २५ अंश तापमान गृहीत धरून सांगितलेली असते. तेव्हा २६४ मधून चौथा हिस्सा बाजूला ठेवला, तर सुखाने वापरता येण्याजोगे १९८ वॅट उरतात. ही त्या पेटीची ड्रॉइंग पॉवर.

या एका आकड्याने मागच्या चार वर्षांचा उलगडाही होतो. कार्ड नसताना त्या संगणकाची मोठ्यात मोठी मागणी १३४ अधिक ३०, म्हणजे १६४ वॅट होती; ती १९८ च्या आत होती. म्हणून तो चार वर्षे कुरकुर न करता चालला आणि ‘एसएमपीएस दणकट आहे’ असा घरादाराचा समज झाला. ज्याने कधी मर्यादेच्या जवळ उचलच केली नाही, त्याची पत कुणी पारखलेलीच नसते.

मग नातीने पर्याय शोधला. ७० वॅटवर चालणारे आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड मिळते. त्याला वेगळी वायर लागत नाही. मदरबोर्डवरील खाचेतूनच ७५ वॅटपर्यंत वीज मिळू शकते, ती त्याला पुरते. ७० अधिक १३४ अधिक ३० म्हणजे २३४. हे २६४ च्या आत बसते, पण १९८ च्या बाहेर जाते. नवी, चांगली पेटी असती तर कदाचित निभावले असते. चार वर्षे वापरलेल्या स्वस्त पेटीवर हा भार टाकणे म्हणजे मार्जिनच खाऊन टाकणे होते.

अपुऱ्या एसएमपीएसचा खरा धोका असा की तो लगेच दिसत नाही. कार्ड बसवले, संगणक सुरू झाला, टॅली उघडले, बिले निघाली, सगळे सुरळीत. मग एखाद्या रात्री त्रिमिती चित्राचे काम ऐन भरात असताना पडदा काळा पडतो आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. चांगला एसएमपीएस अशा वेळी स्वतःला बंद करून बाकीच्या भागांना वाचवतो. निकृष्ट पेटीकडून तेवढ्या सभ्यतेची खात्री देता येत नाही. ती जाताना मदरबोर्ड आणि डिस्कही सोबत नेऊ शकते. या घरात त्याच डिस्कवर दुकानाचा हिशेब होता. एकदम बंद पडलेल्या संगणकात टॅलीच्या फाइली बिघडल्या, तर जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची तारीख थांबत नाही. म्हणून संगणकात कोणताही बदल करण्यापूर्वी हिशेबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती वेगळ्या ठिकाणी ठेवणे, हे पहिले काम.

सरासरी आणि क्षणिक मागणी यांतील फरक जगभरच्या उत्पादकांनाही महागात पडला आहे. अलीकडच्या शक्तिशाली कार्डांची उचल सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती नेहमीच्या दुपटीच्या जवळ उसळी घेते. सरासरीच्या हिशेबात पुरेसे वाटणारे एसएमपीएस त्या उसळीला घाबरून बंद पडू लागले, तेव्हा इंटेलने २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे नवे मानक आणले. नव्या जोडणीच्या मोठ्या पेट्यांनी आपल्या क्षमतेच्या दुपटीपर्यंतची उसळी १०० मायक्रोसेकंद सोसली पाहिजे, अशी अट त्यात आहे. त्याच वर्षी ४५० वॅटच्या आरटीएक्स ४०९० कार्डांच्या सोळा पिनांच्या जोडण्या काही ठिकाणी वितळल्या. प्लग पूर्णपणे आत न बसणे हे त्याचे प्रमुख कारण असल्याचे कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने सांगितले आणि पुढे त्या जोडणीची रचनाही सुधारण्यात आली. क्षमता पुरेशी असूनही अर्धवट बसलेला प्लग किती नुकसान करतो, याचे हे उदाहरण घरी कार्ड बसवणाऱ्याने लक्षात ठेवावे.

वायरींबद्दल आणखी काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. ग्राफिक्स कार्डाची सहा पिनांची जोडणी ७५ वॅटसाठी आणि आठ पिनांची १५० वॅटसाठी असते. १७० वॅटच्या कार्डाला खाचेतील ७५ आणि आठ पिनांचे १५० मिळून पुरेशी वीज मिळते. स्वस्त पेटीत ही आठ पिनांची वायर बहुधा नसतेच. मग डिस्कच्या वायरीवरून जोड काढून देणारा एखादा स्वस्त अडॅप्टर सुचवला जातो. त्याने जोडणी होते, क्षमता वाढत नाही. उलट बारीक वायर तापण्याचा धोका वाढतो. वायर नसणे हा पेटीने दिलेला स्पष्ट नकार समजावा. प्रोसेसरसाठीही आठ पिनांची एक वायर असते. ती दिसायला सारखी, पण पिनांची मांडणी वेगळी असते, तिची गल्लत करू नये. आणि काढता-घालता येणाऱ्या वायरींच्या पेटीला दुसऱ्या पेटीची वायर लावू नये. टोके जुळली, तरी आतला क्रम वेगळा असू शकतो.

नातीने हा सगळा हिशेब एका कोऱ्या कागदावर मांडला. आजची मागणी १६४, सुरक्षित उचल १९८, नवी मागणी ३३४. नव्या साडेपाचशे वॅटच्या पेटीचे १२ व्होल्टवर ५४०, मार्जिन वजा जाता ४०५. कार्ड बनवणाऱ्या कंपनीची शिफारसही साडेपाचशे वॅटच्या एसएमपीएसचीच होती. एकशे सत्तर वॅटच्या कार्डाला साडेपाचशे कशाला, हा प्रश्न तिला आता पडला नाही.

वडील दुकान बंद करून वर आले. आणखी पैसे लागणार, हे शब्द ऐकताच त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी न बोलता कागद हातात घेतला. दरवर्षी बँकेसाठी मालाचे विवरणपत्र तयार करणाऱ्या माणसाला त्या कागदाची मांडणी ओळखीची होती. त्यांनी तो दोनदा वाचला. वॅटांबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. “आणि वीज गेली तर?”

दुकानात ६०० व्हीएचा यूपीएस होता. तिथेही छापील आकडा आणि खरा आकडा वेगळा निघाला. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर बारीक अक्षरांत ३६० वॅट लिहिलेले असते. खरी क्षमता ती. शिवाय एसएमपीएसवरील वॅट हे तो संगणकाला देतो ते असतात. भिंतीकडून तो त्याहून अधिक घेतो. ८५ टक्के कार्यक्षमतेची पेटी ३५० वॅट देत असेल, तर ती सुमारे ४१२ वॅट ओढते; त्यात मॉनिटरचे २५ मिळवावेत. ऐन कामात वीज गेली, तर हा यूपीएस भार सोडून देणार आणि हिशेबासह सगळे एकदम बंद होणार. नवा एसएमपीएस घेऊनही हे दार उघडेच राहिले असते. मुलीच्या कागदावर जे सुटले होते, ते वडिलांनी पकडले.

याच ओघात कार्यक्षमतेचेही पाहून घ्यावे. पेटीवर ‘८० प्लस’ ही खूण असते. किमान ८० टक्के कार्यक्षमतेची ही प्रमाणपत्र योजना २००४ मध्ये सुरू झाली. पुढे तिच्यात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आल्या. ३०० वॅट देण्यासाठी ८० टक्क्यांची पेटी ३७५ वॅट घेते आणि ९० टक्क्यांची ३३३. दिवसाला आठ तास असा भार असेल, तर महिन्याला सुमारे दहा युनिटांचा फरक पडतो. मात्र ही खूण विजेच्या बचतीची आहे. १२ व्होल्टचे अँपिअर वेगळे वाचावेच लागतात.

निर्णय झाला तो असा. मंजूर रकमेतून या महिन्यात चांगल्या कंपनीचा साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस आणि १००० व्हीएचा यूपीएस घ्यायचा. कार्डासाठी उरलेल्या रकमेत भर घालावी लागणार होती, ती दिवाळीनंतर. मुलीचे सबमिशन जुन्याच गतीने, रात्ररात्र जागून पूर्ण होणार होते. तिला ते लागले. आजोबांनी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. ज्या रात्री संगणक चालत राहील, त्या रात्री दोन तास आपण लक्ष ठेवू, एवढेच ते म्हणाले.

ज्या घरांत असाच विचार चालू असेल, त्यांनी क्रम एवढाच धरावा: आधी लेबल, मग १२ व्होल्टचा गुणाकार, मग ऐन भराच्या वेळची मागणी, मग मार्जिन, मग वायरी, शेवटी यूपीएस. यांत कुठेही तूट निघाली, तर कार्डाची खरेदी थांबू शकते. दुकानदार ‘चालून जाईल’ म्हणाला, तर त्याला लेबलावरील अँपिअर वाचून दाखवायला सांगावे.

नवा एसएमपीएस बसवला त्या दिवशी नातीने हिशेबाचा कागद फेकला नाही. खाली तारीख घातली, नव्या पेटीचे आकडे लिहिले आणि कॅबिनेटच्या बाजूच्या पट्टीला आतून चिकटवून दिला. पुढच्या वेळी तो संगणक जो कोणी उघडेल, त्याला छापील आकड्याच्या आधी तो कागद दिसेल.